शिळेवरचा सहावा क्रूस

मित्रांनो, दोरीच्या पलीकडेच उभे राहा असं पाटीवर लिहिलं आहे, पण तुम्ही खुशाल जवळ या. मी काही काचेची नाही. पावणेसातशे वर्षांची म्हातारी शिळा आहे मी, वेक्सहोम गावच्या चर्चची. आजवर माझ्यावर मेणबत्त्या लागल्या, चिखलाचे बूट घासले गेले, एका हिवाळ्यात तर माझ्यावर मेंढी व्याली. तुमच्या हातांनी माझं काय बिघडणार आहे?

एरवी मी बोलत नाही. पण परवा जो प्रकार झाला त्याचा धक्का अजून ओसरलेला नाही, म्हणून तोंड उघडते आहे.

परवा इथे एक शाळा आली होती. बाईंनी मुलांना एकेक कागद वाटला. कागदावर चार चित्रं होती. आठवा हेन्री, त्याचा मुलगा सहावा एडवर्ड, थोरली मुलगी मेरी आणि धाकटी मुलगी एलिझाबेथ. चौघांनी एकामागून एक या देशावर राज्य केलं आणि प्रत्येकाने देशाचा धर्म आपल्या मनासारखा फिरवला. "त्यांचा स्वभाव आणि त्यांचं धर्माचं धोरण, दोन्ही पाहून दहापैकी गुण द्या," बाई म्हणाल्या. लगेच गलका सुरू झाला.

"बाई, हेन्रीला शून्य! सहा बायका केल्या त्याने."

"बायकांचे गुण इथे धरायचे नाहीत रे. धर्माचं बोल."

"मग दोन."

"मेरीला उणे दहा! माणसं जाळली तिने."

"उणे चालत नाही. शून्य लिही."

"एडवर्डला पाच देऊ या, लहान होता बिचारा. आणि एलिझाबेथला नऊ! ती भारी होती."

पाच मिनिटांत निकाल लागला. ज्यांच्या एकेका सहीने माझ्या गावाची झोप उडाली, ज्यांच्यापायी मी दोनदा पालथी आणि एकदा उताणी झाले, त्यांचा निकाल सँडविच खाता खाता लागला! मी थिजून गेले. तुम्ही म्हणाल, दगड आणखी काय थिजणार? खरं आहे. पण मी कागद भरायला बसले असते तर काय लिहिलं असतं, हा विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते.

माझा जन्म इथून दोन दिवसांच्या वाटेवरच्या खाणीतला. बैलगाडीतून मला इथे आणलं तेव्हा दलदलीत चाक रुतलं आणि गाडीवान मला पोटभर शिव्या देत होता. माणसाची भाषा मी पहिल्यांदा ऐकली ती अशी. मग एका पाथरवटाने मला घासून गुळगुळीत केलं आणि माझ्यावर क्रूस कोरले. चार कोपऱ्यांत चार, मधोमध एक. ख्रिस्ताच्या अंगावर पाच जखमा होत्या, म्हणून क्रूस पाच. कमी नाहीत, जास्त नाहीत. काम संपल्यावर त्या पाथरवटाने प्रत्येक क्रुसावर अंगठा टेकवून ते मोजले होते, हे मला अजून आठवतं. बिशपने येऊन पाचही क्रुसांना तेल लावलं आणि मी वेदी झाले.

पुढची दोनशे वर्षं मी सुखात काढली. माझ्यावर पांढरं कापड असे, कापडावर चांदीचा प्याला असे. बायका ते कापड नदीवर धुऊन गवतावर वाळवत आणि त्यावर कावळा बसू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसत. प्रार्थना लॅटिनमध्ये चाले. खरं सांगू का? दोनशे वर्षं रोज ऐकूनही मला त्यातलं अक्षर कळलं नाही. माझ्यापुढे गुडघे टेकणाऱ्यांनाही कळत नव्हतं. पण गाईला वासरू झालं, तापातलं मूल वाचलं, की माणसं धावत माझ्याकडेच येत. मला वाटायचं, हे असंच चालणार.

मग हेन्रीचं राज्य आलं. त्याला राणी बदलायची होती आणि रोमचे पोप ऐकेनात, तेव्हा त्याने पोपलाच बदललं आणि स्वतः धर्माचा प्रमुख होऊन बसला. आमच्या नदीपलीकडचा मठ त्याने उतरवून घेतला. छपराचं शिसं वितळवून गाड्या भरून नेलं आणि तिथले साधू रस्त्याला लागले. मला वाटलं, म्हणजे राजा नव्या, प्रोटेस्टंट मताचा झाला. तर कसलं काय! एके दिवशी बातमी आली की लंडनला एकाच सकाळी सहा माणसं मारली. तिघांना नव्या मताचे म्हणून जाळलं आणि तिघांना पोपला मानतात म्हणून फाशी देऊन चिरलं. दोन्ही पक्षांची माणसं जोडीजोडीने बांधून नेली होती.

आमच्या गावात जवाची दारू गाळणारी ग्रिझेल म्हणून बाई होती. तिची जीभ सुरीसारखी. ती भर चर्चमध्ये म्हणाली, "पोपला मानलं तरी मरण नि नाही मानलं तरी मरण. मग माणसाने मानायचं तरी कोणाला?"

"राजाला," आमचे पाद्री लॅम्बर्ट म्हणाले, "आणि जरा हळू बोल."

या लॅम्बर्टना लक्षात ठेवा. भला माणूस, गलेलठ्ठ, बाम माशाचं पक्वान्न समोर आलं की प्रार्थना अर्धी गिळणारा. चार राज्यं बदलली पण आमचा पाद्री बदलला नाही. वारा येईल तशी पाठ फिरवायची, एवढं एकच शास्त्र त्यांना पक्कं येत होतं.

हेन्री गेला आणि नऊ वर्षांचा एडवर्ड गादीवर बसला. राज्य त्याच्या नावाने मोठी माणसं चालवत, पण पोरगाही कट्टर नव्या मताचा. भिंतींवरच्या संतांवर चुना फासला गेला. रंगीत काचा गेल्या, मेणबत्त्या गेल्या. नंतर हुकूम आला की गावोगावच्या दगडी वेद्या पाडा, शिळा फोडा आणि त्या जागी लाकडाचं साधं टेबल मांडा. हुकूम लॅम्बर्टनीच वाचून दाखवला. आदल्या रविवारी त्यांनी माझ्यावर प्याला उचलला होता!

फोडायचं काम आलं जर्विस डाउसवर. तो गावचा पाथरवट आणि त्या वर्षी चर्चचा कारभारीही. माझे क्रूस कोरणारा पाथरवट आपल्याच घराण्यातला, असं तो छाती फुगवून सांगत असे. बायको वारलेली, घरात चौदा वर्षांची एकुलती एक लेक, थॉमसिन. जर्विसचा जीव दोनच ठिकाणी होता, एक तिच्यावर आणि दुसरा माझ्यावर.

गवतकापणीचे दिवस होते. भर दुपारी सगळा गाव कुरणावर गेलेला असताना जर्विस पहार आणि हातोडा घेऊन आला. मागून थॉमसिन लव्हाळ्यांचा भारा घेऊन आली. त्या काळी चर्चच्या जमिनीवर लव्हाळे पसरत, पायांना ऊब लागावी म्हणून.

"बाबा, खरंच फोडणार?"

"फोडल्याचा आवाज कुरणापर्यंत गेला पाहिजे. मागची जुनी दगडी डोणी पडली आहे ना डुकरांची, ती फोडतो. तुकडे इथे टाकू."

"आणि ही?"

"ही दाराशी. पालथी. वरून पाहणाऱ्याला काय कळतंय? राजा पोरगा आहे गं. पोरांची हौस किती दिवस टिकते?"

"आणि टिकली तर?"

"तर ही पडून राहील तशीच. शिळेला कसली घाई?"

पहारी लावून, ओंडक्यांवरून सरकवत दोघांनी मला दारापर्यंत आणलं आणि क्रूस जमिनीकडे करून पालथं घातलं. थॉमसिनने ओल्या चुन्यावर लव्हाळे अंथरले आणि उरलेले सोलत माझ्यावरच बसली. उन्हं कलायच्या आत लॅम्बर्टना घेऊन तपासणीस आला.

"फुटली का शिळा?" त्याने विचारलं.

"फुटली," थॉमसिन मान वर न करता म्हणाली. "तो काय ढिगारा."

तपासणीस माझ्यावर पाय देऊन आत गेला, डुकरांच्या डोणीचे तुकडे पाहून आला आणि पुन्हा माझ्यावर पाय देऊन निघून गेला. त्या पोरीच्या तोंडून मी ऐकलेलं ते एकच खोटं. ते तिने माझ्यासाठी उच्चारलं.

माझं तोंड मातीत गेलं, तेव्हा मी हबकले. पण तिथेच मला दुसरा धक्का बसला, आणि तो मात्र गोड होता. चर्चमध्ये आता इंग्रजीतलं बायबल आलं होतं. लॅम्बर्टना चष्म्याशिवाय बारीक अक्षर दिसत नव्हतं आणि चष्मा परवडत नव्हता. म्हणून त्यांनी थॉमसिनला अक्षरं शिकवली आणि वाचायचं काम तिच्यावर ढकललं. ती रोज संध्याकाळी माझ्या पाठीवर उभी राहून देवडीतल्या म्हाताऱ्यांना वाचून दाखवू लागली. ग्रिझेलसुद्धा दारूची भट्टी सोडून येई.

"परत वाच गं ते, हरवलेल्या मेंढराचं," ग्रिझेल म्हणायची. "नव्याण्णव सोडून एकामागे गेला तो मेंढपाळ, म्हणतेस? माझा नवरा तर एक होती तीही सोडून गेला."

सगळ्या हसायच्या. आणि मी? दोनशे वर्षं ज्याच्या सेवेत काढली त्याचं बोलणं मला पहिल्यांदा कळत होतं! संतांवर चुना फासणाऱ्यांनीच हे पुस्तक आणलं होतं. आता सांगा, एडवर्डला मी किती गुण देऊ?

थॉमसिन वाचता वाचता नव्या मताची झाली. नुसती मान डोलावणारी नव्हे, मनापासून झालेली. जर्विसला ते कळलं नाही. लेक वाचते याचंच त्याला एवढं कौतुक, की ती काय वाचते हे त्याने कधी विचारलं नाही.

पोरगा राजा सोळा पुरी व्हायच्या आतच वारला. मेरी राणी झाली. ती जुन्या, पोपच्या धर्माची, हेन्रीने टाकलेल्या आईचा अपमान आणि स्वतःची हेळसांड पोटात ठेवून मोठी झालेली. हुकूम आला की टेबलं काढा, वेद्या पुन्हा उभारा. गावोगाव रडारड, कारण शिळा फोडून बसले होते. आमच्या गावात मात्र जर्विस मिशीतल्या मिशीत हसला आणि सरळ पहार घेऊन देवडीत आला.

मला उताणी केलं तेव्हा चार म्हातारे ढसढसा रडले. कोणी माझ्या क्रुसांमधली माती केसांतल्या आकड्याने काढली, कोणी दुधाने धुतलं. लॅम्बर्टनी टेबल सरपणात टाकलं. एडवर्डच्या काळात त्यांनी लग्न केलं होतं. आता पाद्र्याला बायको चालेना, म्हणून तिला भावाकडे धाडून दिलं. ती बिचारी गाठोडं घेऊन माझ्या शेजारून गेली, तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

दोन वर्षांनी माझी पुन्हा शुद्धी करायला बिशपचा अधिकारी येणार होता. आदल्या दिवशी बापलेक मला पुसायला आले.

"उद्या तू पुढे उभी राहा, थॉमसिन. अगदी पुढे."

"नको बाबा. मी मागेच बरी. खांबाच्या आड."

"का गं?"

"मागे असलं की कोणाचं लक्ष जात नाही. मला तेवढंच हवं आहे."

"लाजतेस होय!" जर्विस हसला. "आईवर गेलीस. तीही अशीच, लग्नाच्या दिवशीसुद्धा मागे मागे."

थॉमसिन काही बोलणार होती. फडकं पिळता पिळता तिचे ओठ हललेही. पण बापाचा चेहरा इतका आनंदाने भरला होता, की तिने तेच फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं. मित्रांनो, मी तिथेच होते. दोघांच्या मध्ये. मला सगळं कळत होतं आणि मला बोलता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्या पाचही क्रुसांना पुन्हा तेल लागलं. विधी उरकल्यावर अधिकाऱ्याने विचारलं, "सबंध टापूत ही एक शिळा शाबूत राहिली. कोणी राखली?"

इथे जर्विस गप्प बसला असता तर! मान खाली घालून नुसता "मी" म्हणाला असता तर! पण आमच्याकडे शिळा राखणं ही घराण्याची इज्जत आणि जर्विसला त्या इज्जतीत लेकीचा वाटा हवा होता.

"मी नुसती पालथी घातली, साहेब," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "राखली माझ्या लेकीने. हिच्यावर बसून राहिली, तपासणिसाच्या नाकावर टिच्चून. थॉमसिन! अगं ये ना पुढे. लाजू नकोस!"

"मग पहिला मान तिचा," अधिकारी खूश होऊन म्हणाला. "ये मुली. शिळेपुढे गुडघे टेक. पवित्र भाकर सगळ्यांच्या आधी तुला."

लोकांनी वाट करून दिली. कोणी कौतुकाने तिची पाठही थोपटली. थॉमसिन आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. उभीच राहिली. तिचे हात माझ्या कडेला टेकले होते आणि ते बर्फासारखे गार होते.

"अगं टेक ना गुडघे," जर्विस पुटपुटला. अजूनही तो हसतच होता.

"ही भाकर म्हणजे ख्रिस्ताचा देह आहे, असं तू मानतेस ना?" अधिकाऱ्याने विचारलं. आता त्याचा आवाज बदलला होता.

"ती भाकर आहे, साहेब," थॉमसिन म्हणाली. "त्याची आठवण म्हणून दिलेली. तिच्यापुढे मी वाकणार नाही."

जर्विसचं हसू तिथल्या तिथे विझलं. लॅम्बर्ट घाईघाईने पुढे आले, तिच्या कानाशी लागले. "पोरी, वेडेपणा करू नकोस. गुडघा टेकव. मनातलं मनात ठेव. माझ्याकडे बघ की, मी नाही का टेकवत?"

"पाद्रीबाबा, तुम्हीच तर मला वाचायला शिकवलंत."

अधिकाऱ्याने तिला तीन वेळा विचारलं. शेवटच्या वेळी तर त्याच्या आवाजात विनवणी होती. तो राक्षस असता तर मला सांगायला सोपं गेलं असतं. "मग ही शिळा तू का राखलीस?" त्याने हताश होऊन विचारलं.

"माझे बाबा हिच्यावर जीव टाकतात म्हणून. दुसऱ्याची श्रद्धा फोडून कोणाचा देव खूश होतो?"

त्याच दुपारी तिला तालुक्याच्या गावी नेलं. जर्विस गाडीमागे चार कोस पळत गेला. अधिकाऱ्याला सांगत राहिला की शिळा मीच राखली, पोरीचा काही संबंध नाही, मी खोटं बोललो. पण आता शिळेचा प्रश्नच उरला नव्हता.

तिला सात आठवडे कोठडीत ठेवलं. रोज एक नवा शहाणा तिच्याशी वाद घालायला येई. तिने एकदा 'हो' म्हटलं असतं तर सोडलं असतं. माझ्यासाठी खोटं बोललेली ती पोर स्वतःसाठी एकदाही खोटं बोलली नाही. जुलै महिन्यात, बाजाराच्या दिवशी, तिला जाळलं. एकोणीस वर्षांची होती. बातमी बाम मासे विकणाऱ्याने आणली. ती अजिबात ओरडली नाही असं तो म्हणाला. गावच्या पोरीबद्दल असंच सांगतात. खरं काय ते मला माहीत नाही.

पुढच्या रविवारी लॅम्बर्टच्या हातातला प्याला माझ्यावर सांडला. माणसं म्हणतात, दगडाला पाझर फुटत नाही. ती द्राक्षाची दारू माझ्या मधल्या क्रुसात साचली आणि कोणी पुसली नाही. जर्विस सगळे निघून गेल्यावर आत आला. त्याने माझ्यावर हात ठेवला आणि एवढंच म्हणाला, "तुला वाचवलं नि तिला घालवलं." नंतर तीन वर्षं तो चर्चमध्ये माझ्याकडे पाठ करून उभा राहत असे.

मेरी वारली. एलिझाबेथ आली आणि हुकूम पुन्हा फिरला. वेद्या पाडा, टेबलं आणा. लॅम्बर्टनी हाही हुकूम त्याच सुरात वाचून दाखवला आणि बायकोला भावाकडून परत बोलावलं. ती आली, पण म्हणतात की मरेपर्यंत त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही.

"ही राणी कशी असेल?" देवडीत कोणीतरी विचारलं.

"दगडापेक्षा वीट मऊ," ग्रिझेल म्हणाली. "डोक्यात घातली की तीही लागते म्हणा."

या खेपेस तपासणीस सावध होता. शिळा वेदीवरून उतरवलेली आपल्या डोळ्यांनी पाहिल्यावरच तो गेला. फोडायचं काम पुन्हा जर्विसचं. तो सकाळी हातोडा घेऊन आला आणि माझ्यासमोर जमिनीवर बसून राहिला. दुपार झाली तरी बसलेलाच. मी वाट पाहत होते. खरं सांगते, मित्रांनो, त्या दिवशी मला फुटायचं होतं.

ग्रिझेल भाकर आणि दारूचा मग घेऊन आली. "फोड ना," ती म्हणाली. "काय बघत बसलास? हिच्यापायी गेली पोर."

"पोर माझ्या तोंडापायी गेली, ग्रिझेल. दगडाला तोंड नसतं."

मग त्याने हातोडा ठेवला आणि झोळीतून छिन्नी काढली. मधल्या क्रुसाच्या खाली, उजव्या अंगाला, त्याने कोरायला सुरुवात केली. हात थरथरत होता, म्हणून एक रेघ जरा तिरकी गेली.

ग्रिझेल वाकून बघत होती. "सहावा कशाला? पाच असतात ना?"

"मला मोजता येतं," जर्विस म्हणाला.

ग्रिझेल तिथेच खाली बसली आणि झग्याच्या टोकाने डोळे पुसत राहिली.

संध्याकाळी चार माणसांनी मला पुन्हा देवडीत आणून पालथं घातलं, त्याच खड्ड्यात, जिथे उभी राहून थॉमसिन वाचत असे. परत आलेल्या तपासणिसाने नोंद केली की वेक्सहोमची शिळा पायपुशीला लावली, ठीक आहे. जर्विस त्यानंतर अकरा वर्षं जगला. तो माझ्यावर कधी पाय देत नसे. लांब टांग टाकून मला ओलांडायचा. गुडघे गेल्यावरही, काठी टेकत, कण्हत, तो मला ओलांडायचाच. लोकांना वाटे, म्हातारा जुन्या धर्माचा, अजून शिळेला मानतो.

आणि ती नऊ गुणांची राणी! तिने आमचं मन उघडून पाहिलं नाही, हे मी कबूल करते. पण तिच्याच राज्यात, पुढे, शेजारच्या गावी एका कोठारात जुन्या धर्माचा एक तरुण पाद्री सापडला. त्याला फाशी दिली, आणि त्याला दोन दिवस जेवू घातलं म्हणून कोठाराच्या मालकिणीलाही. माझ्या पाठीवर उभे राहून लोक ही बातमी एकमेकांना सांगत होते. एकीने लाकडं रचली, दुसरीने दोर वळला. मी मातीत तोंड खुपसून ऐकत होते आणि मला कळत नव्हतं, की या बहिणींमध्ये फरक तो किती धरायचा.

त्यानंतर साडेचारशे वर्षं मी पालथीच होते. माझ्यावरून नवऱ्या गेल्या, शवपेट्या गेल्या, बाबागाड्या गेल्या. बारा वर्षांपूर्वी पाण्याचा नळ टाकायला कामगारांनी मला उचललं आणि एकच ओरडा झाला. मोठमोठे विद्वान आले. त्यांनी माझे फोटो काढले, मापं घेतली, मला इथे भिंतीला टेकवून उभं केलं आणि शेजारी ही पाटी लावली. माझ्यावर पुन्हा उजेड पडला, तेव्हा मी आनंदले होते. पाटी वाचेपर्यंत.

परवा त्या शाळेतली एक मुलगी, सगळ्यांचे कागद भरून झाले तरी रिकामा कागद हातात धरून माझ्यासमोर उभी होती. "बाई," ती म्हणाली, "पाच जखमांचे पाच क्रूस, असं तुम्ही म्हणालात. पण इथे सहा आहेत."

बाईंनी पाटी वाचून दाखवली. "सहावा क्रूस ओबडधोबड असून, तो कारागिराच्या मोजण्यातील चुकीमुळे कोरला गेला असावा."

"एवढंही मोजता येईना त्याला!" मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मग बस आली आणि ती मुलगी रिकामा कागद घडी करून खिशात घालून गेली.

मित्रांनो, राजांना गुण देऊ नका असं मी म्हणत नाही. जरूर द्या. वाटलं तर शून्य द्या, मी आडवी येणार नाही. राजे गादीवर बसले, सह्या करून मोकळे झाले आणि त्यांचे पुतळे अजून उभे आहेत, त्यांना तुमच्या गुणांनी काही होत नाही. पण हुकूम खाली येता येता कोणाच्या अंगावर पडला, ते पाहिल्याशिवाय कागद भरू नका. आणि जुन्या वस्तूंना जपताना, त्यांच्यावरची वाकडी रेघ पाहून कारागिराला हसू नका. आधी त्याचा हात का थरथरला, ते विचारा.

या, असे जवळ या. बोट ठेवून मोजा. चार कोपऱ्यांत चार, मधोमध एक. आणि त्याच्या खाली, उजव्या अंगाला, हा छोटासा, तिरका.

जर्विसला मोजता येत होतं.